पायलट ब्रिजवर आला, तरी जहाज कप्तानाचेच
वाचक विचारतात

गोव्यात 'पायलट' म्हटले की डोळ्यांसमोर आधी येते ती पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल आणि तिच्यावर मागे बसलेले गिऱ्हाईक. त्यानंतर विमान, आणि सर्वांत शेवटी जहाज. गेल्या महिन्यात मुरगाव बंदरातील टगांविषयी, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटींविषयी, लिहिताना या तिसऱ्या पायलटाचा, म्हणजे बंदरात शिरताना-निघताना जहाजावर चढून कप्तानाला वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराचा, उल्लेख ओघात झाला आणि त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी शिपिंग एजन्सीत नुकताच रुजू झालो आहे. आमचे वरिष्ठ सांगतात की दोनशे टनांवरच्या प्रत्येक जहाजाला पायलट घ्यावाच लागतो. हे कोणत्या कायद्यात आहे? आणि दोनशे टन म्हणजे मालाचे वजन की जहाजाचे? — एक वाचक, चिखली

उत्तर : आपल्या वरिष्ठांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे, मात्र तो अर्धाच नियम आहे. भारतीय बंदरे अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ मध्ये अशी तरतूद होती की, हे कलम ज्या बंदराला विशेषत्वाने लागू केलेले असेल त्या बंदरात २०० टन किंवा त्याहून अधिक मापाचे कोणतेही जहाज, त्यावर पायलट, हार्बर मास्टर अथवा त्याचा सहायक असल्याखेरीज आत येणार नाही, बाहेर जाणार नाही आणि बंदरातल्या बंदरात हलवलेही जाणार नाही. एजन्सीच्या कामात नवखी मंडळी चुकतात ती या शेवटच्या शब्दांपाशी. एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर शंभर मीटर सरकायचे असले तरी ते 'हलवणे' या शब्दात मोडते आणि त्यासाठी पायलट बोलवावा लागतो. २०० टनांखालच्या यांत्रिक नौका आणि १०० ते २०० टनांमधील इतर नौकाही त्याच कलमात होत्या. फक्त त्यांना कंझर्व्हेटरची, म्हणजे बंदराची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी मिळवून पायलटाशिवाय जाण्याची मुभा होती.

आता टनांविषयी. हे वजन मालाचेही नव्हे आणि जहाजाचेही नव्हे. जुन्या नौकानयन कायद्यांतला टन हा घनफळाचा असतो : १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर बंदिस्त जागा, म्हणजे एक टन. त्या हिशेबाने २०० टनांचे जहाज म्हणजे जेमतेम ५६६ घनमीटर जागेचे तारू. मुरगावात खनिज वा कोळसा घेऊन येणारी जहाजे या मापाच्या कितीतरी पट मोठी असतात, त्यामुळे आपल्या टेबलावर येणाऱ्या विदेशी जहाजांच्या बाबतीत 'पायलट लागेल का' असा प्रश्न जवळजवळ कधीच उरत नाही.

'विशेषत्वाने लागू केलेले बंदर' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. सक्ती ही संपूर्ण किनाऱ्यावर पसरलेली नसून अधिसूचना काढून एकेका बंदरापुरती घातलेली असते. मुरगावात ती आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या छोट्या खाडीत ती असेलच असे धरून चालू नये. शिवाय सरकारच्या सेवेतील जहाजे आणि विदेशी युद्धनौका यांना त्या अधिनियमातून मुळातच वगळलेले होते; युद्धनौका परक्या बंदरात शिरताना पायलट घेतात तो बहुधा शिष्टाचार म्हणून आणि शहाणपण म्हणून.

नियम मोडल्यास कप्तानाला दंड किती, हे वाचून आपल्याला हसू येईल : दोनशे रुपयांपर्यंत. तोही निकडीची वेळ असेल किंवा मागणी करूनही पायलट मिळाला नसेल तर माफ. २०० टन आणि २०० रुपये ही जोडी १९०८ साली शोभत असेल. पुढे जहाजे वाढत गेली आणि दंड आपल्या जागी उभा राहिला. प्रत्यक्षात कप्तानाला धाक दंडाचा कधीच नव्हता. पायलट न घेता आत शिरलेल्या जहाजाला धक्का कोण देणार, आणि काही घडल्यास विमा कंपनीला काय उत्तर देणार, हा खरा धाक.

एक सूचना करतो. १९०८ चा हा अधिनियम आता रद्द झाला असून २०२५ च्या ऑगस्टपासून त्याच्या जागी भारतीय बंदरे अधिनियम, २०२५ आला आहे. कायदा रद्द होऊन त्याच विषयावर नवा झाला, तर जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना आणि नियम, ते नव्याशी विसंगत नसतील तोवर, चालू राहतात, असे साधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चे कलम २४ सांगते. तेव्हा कार्यालयीन पत्रात 'कलम ३१' असे सवयीने लिहून टाकण्याआधी नव्या अधिनियमाची प्रत समोर ठेवावी. कार्यालयांत जुनी कलमे फार चिवटपणे टिकतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. पायलट घेण्याची सक्ती कायदाच करतो, पायलटाची निवड कप्तान करत नाही, आणि सुकाण्याला हुकूमही पायलटच देतो. असे असताना जहाज धक्क्यावर आदळले, तर भरपाई जहाजमालकाने का द्यावी? हे न्यायाला धरून आहे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : प्रश्न जुना आहे, आणि एके काळी त्याचे उत्तर आपण सुचवता तसेच होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कायद्याने जहाजमालकाला असा बचाव दिला होता की, अपघात सक्तीच्या पायलटाच्या चुकीने झाला हे सिद्ध केले की मालक सुटला. पण त्यातून जे घडले ते पाहा. ज्याचे जहाज फुटले किंवा ज्याचा धक्का मोडला, त्याने दाद मागायची कोणाकडे? पायलटाकडे. म्हणजे हजारो पौंडांच्या नुकसानीसाठी एका पगारी वा फीवर जगणाऱ्या माणसाच्या घरादारावर दावा लावायचा. शिवाय प्रत्येक खटल्यात 'चूक पायलटाची होती की खलाशांची' यावर मालकाचे वकील दिवसेंदिवस कीस काढत बसत, आणि नुकसान सोसणारा बाजूला राही.

१९१० मध्ये ब्रुसेल्स येथे जहाजांच्या टकरींविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पाचव्या अनुच्छेदाने स्पष्ट केले की, टक्कर पायलटाच्या चुकीने झाली, आणि तो पायलट कायद्याच्या सक्तीने घेतलेला असला, तरी जहाजाची जबाबदारी कायम राहते. ब्रिटनने १९१३ च्या पायलटेज (पायलट-सेवेच्या) कायद्याने आपला जुना बचाव मोडीत काढला आणि तो १९१८ च्या आरंभापासून संपला. आपल्या १९०८ च्या अधिनियमातील कलम ३१ च्या दुसऱ्या पोटकलमातही तेच तत्त्व होते : पायलट सक्तीचा असला तरी, तो सक्तीचा नसता तर मालक व कप्तान जितके उत्तरदायी झाले असते, तितकेच ते आताही आहेत. ब्रिटनच्या १९८७ च्या कायद्यातही हीच भूमिका आहे; उलट तेथे पायलटावर लावता येणाऱ्या दिवाणी दायित्वाला एक हजार पौंडांच्या आसपासची मर्यादा घालून दिली आहे.

न्यायाला धरून आहे का, असे आपण विचारता. माझ्या मते आहे, आणि त्याचे कारण जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवले जाते त्या वरच्या कक्षात, दिसते. पायलट 'पोर्ट टेन' (सुकाणू डावीकडे दहा अंश) म्हणतो, सुकाण्या तेच शब्द पुन्हा उच्चारतो आणि चक्र फिरवतो, ड्यूटीवरचा अधिकारी मान वर करून सुकाणूचा काटा खरोखर दहावर गेला का ते पाहतो, आणि कप्तान बाजूला उभा राहून हे तिन्ही ऐकत असतो. या चौघांपैकी पायलट एकटाच पाहुणा आहे. त्याला मांडवीच्या तोंडाशी असलेली आग्वादची रेतीची पट्टी ठाऊक आहे, ओहोटीच्या कोणत्या प्रहरी पाणी जहाजाला कोणीकडे ओढते ते ठाऊक आहे; पण या जहाजाचे इंजिन उलट फिरायला किती वेळ घेते, गेल्या बंदरात त्याने दगा दिला होता का, हे त्याला कप्तान सांगेल तेव्हाच कळणार. म्हणून तर पायलट चढताच दोघांनी एकमेकांना माहिती देणे-घेणे बंधनकारक आहे. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संहितेत असेही म्हटले आहे की, पायलटाच्या उपस्थितीमुळे कप्तान किंवा पहाऱ्यावरचा अधिकारी आपल्या कर्तव्यातून मुक्त होत नाही. पायलटाच्या हेतूविषयी शंका आली तर अधिकाऱ्याने त्याला विचारावे, शंका फिटली नाही तर कप्तानाला तत्काळ कळवावे, आणि कप्तान येईपर्यंत जे करणे आवश्यक आहे ते करून मोकळे व्हावे. जहाजांवरच्या नोंदवहीत 'कप्तानाचे हुकूम, पायलटाचा सल्ला' अशा अर्थाचे शब्द लिहिण्याची जुनी रीत आहे. प्रत्यक्षात सल्ला हुकुमाच्या आवाजात दिला जातो, हे खरे; कायद्याच्या नजरेत मात्र तो सल्लाच राहतो.

अलीकडचे उदाहरण आपल्याला आठवत असेल. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले तेव्हा त्यावर कालव्याचे दोन पायलट होते आणि खलाशी सर्व भारतीय होते. जहाज सहा दिवसांनी सुटले. पण कालवा प्राधिकरणाने भरपाईचा दावा लावला तो जहाजाच्या मालकावर, आणि तडजोड होईपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, जहाज तेथेच अडकवून ठेवले. पायलट प्राधिकरणाचे, भरपाई मागणारेही प्राधिकरण. आपल्या मनातला अन्याय येथे अधिक टोचतो, हे मी मान्य करतो.

पनामा कालवा हा याला ठळक अपवाद आहे. तेथे जहाजाच्या चालनाचे नियंत्रण पायलटाच्या हाती जाते, केवळ सल्ला राहत नाही, आणि त्याला अनुसरून कालव्याच्या व्यवस्थापनाने दायित्वही ठरावीक प्रमाणात स्वीकारलेले आहे. नियंत्रण आणि दायित्व एकाच हातात, असा हा रोकडा व्यवहार आहे. अभ्यासासाठी दोन्ही पद्धती शेजारी ठेवून वाचल्यास आपल्याला निबंधाचा विषय मिळेल.

आणि पायलट अगदी मोकळा सुटतो असेही समजू नये. त्याचा परवाना जाऊ शकतो, आणि काही देशांत फौजदारी कारवाईही होते. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये 'कॉस्को बुसान' हे जहाज धुक्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाला घासून तेल सांडले, तेव्हा त्यावरील पायलटाला पुढे दहा महिन्यांची कैद झाली.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज बारा वर्षे रुतून होते. त्यावर पायलट असता तर ते वाचले नसते का? मग कायद्याने सक्ती केली तरी तिचा उपयोग काय? — एक वाचक, कांदोळी

उत्तर : आपला संताप समजण्यासारखा आहे, पण दोष येथे पायलटाच्या कायद्यावर टाकता येत नाही. २००० सालच्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' कांदोळी-सिकेरीच्या वाळूवर आले तेव्हा ते बंदरात शिरत नव्हते की बाहेर पडत नव्हते. ते नांगरावर होते आणि पावसाळी समुद्राने त्याला किनाऱ्याकडे ढकलले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नाफ्था भरलेले 'नू-शी नलिनी' दोनापावलजवळ खडकांवर गेले त्याचीही कथा हीच : नांगरावरचे, खलाशी नसलेले जहाज वादळी वाऱ्यात वाहत आले. पायलटाची सक्ती आत येणे, बाहेर जाणे आणि हलवणे या तीन क्रियांशी बांधलेली आहे. उभ्या जहाजावर पायलट बसवून ठेवा, असे कोणताच कायदा सांगत नाही. तेथे लागतात ती पुरेशी माणसे, चालू इंजिन आणि मजबूत साखळी, आणि त्यांच्यासाठी कायदे वेगळे आहेत. ते पाळले जातात का, हा आपला प्रश्न असेल तर तो जरूर स्वतंत्रपणे पाठवावा.

प्रश्न : माझे पती मालवाहू जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, आहेत. ते म्हणतात की पायलटाची शिडी बांधताना त्यांना सर्वांत जास्त बोलणी खावी लागतात. एका शिडीचे एवढे काय असते? — एक वाचक, पेडणे

उत्तर : बाई, त्या शिडीवर एक माणूस लटकत असतो, आणि खाली त्याची लाँच लाटेवर दोन-दोन मीटर वर-खाली होत असते. आपल्या पतींना बोलणी खावी लागतात ती याचमुळे.

समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातील तेविसावा नियम पूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे. पाण्यापासून चढण दीड मीटरहून कमी नसावी आणि नऊ मीटरहून अधिक नसावी; अधिक असेल तर नुसती दोरशिडी चालत नाही, जहाजाच्या बाजूचा जिना उतरवून त्याला ती जोडावी लागते. दोन पायऱ्यांमधले अंतर ३१ ते ३५ सेंटिमीटर, आणि ते सर्वत्र सारखे. खालच्या चार पायऱ्या रबराच्या. शिडी पिळून उलटी होऊ नये म्हणून मधूनमधून १८० सेंटिमीटरची लांब आडवी फळी, जिला खलाशी स्प्रेडर म्हणतात. शेजारी दिव्यासह जीवरक्षक कडे आणि फेकण्याची दोरी. शिडी बांधताना जबाबदार अधिकारी हजर हवा आणि त्याचा ब्रिजशी संपर्क हवा. एवढे करूनही पायलट खालून शिडीकडे पाहतो, एक गाठ त्याला खटकते, आणि तो चढण्यास नकार देतो. हा नकार त्याचा हक्क आहे. मग जहाज बाहेर घिरट्या घालते, धक्क्यावरचे कामगार खोळंबतात, आणि वरून खालपर्यंत सर्वांचा राग येऊन थांबतो तो बोसनपाशी.

गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये ही गोष्ट अधिक कठीण होते. ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, आत पाणी शांत असले तरी पायलट चढतो ते बाहेर, आणि तेथे कप्तानाने जहाज वळवून, दुसरी बाजू वाऱ्याकडे करून आडोसा दिला नाही तर लाँच बाजूला लागूच शकत नाही. आपल्या पतींना माझा नमस्कार सांगा. शिडीबाबत कुरकुर करणारा बोसन मला न कुरकुरणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

प्रश्न : एखादा कप्तान त्याच बंदरात शंभर वेळा आला असेल तरीही पायलट घ्यायचा? हा पैशांचा अपव्यय नाही का? बार्जवाल्यांना तर कोणी विचारत नाही. — एक वाचक, डिचोली

उत्तर : ब्रिटनमध्ये अशा कप्तानाला परीक्षा देऊन पायलटेज सवलतीचे प्रमाणपत्र मिळवता येते; ते त्या ठरावीक बंदरापुरतेच असते. रोज ये-जा करणाऱ्या फेरीबोटींना त्याचा उपयोग होतो. भारतीय कायद्याचा कल मात्र बंदराच्या स्वतःच्या पायलटाकडे राहिला आहे, आणि कोलकात्याकडे जाणाऱ्या हुगळीसारख्या नदीचा विचार केला तर तो समजतो : तेथे समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब पायलटेज आहे आणि वाळूचे पट्टे जागा बदलत असतात. शंभर फेऱ्यांचे ज्ञान एकशे एकाव्या फेरीला जुने झालेले असते.

बार्ज हे अंतर्गत जलयान, म्हणजे नदी-खाडीत चालणारे जलयान आहे. तिचा कारभार आधी १९१७ च्या आणि आता २०२१ च्या अंतर्गत जलयान अधिनियमाखाली येतो, आणि नदीचे ज्ञान तिच्या स्वतःच्या मास्टरकडेच असावे अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात आग्वादचा बार, म्हणजे तीच रेतीची पट्टी, ये-जा करण्यास बंद झाला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून बार्ज जुवारीत काढणारे मास्टर आपल्या डिचोली-साखळीच्या वाचकांना परके नाहीत. त्यांना दुसऱ्या कोणी वाट दाखवावी, असे त्या पाण्यात कोण आहे?

प्रश्न : गोव्यासमोरून नुसत्या पुढे जाणाऱ्या जहाजांनाही पायलट घ्यावा लागतो का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : नाही. खुल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजावर किनाऱ्याच्या देशाला अशी सक्ती सहसा करता येत नाही. तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून पार जाणाऱ्या जहाजांना १९३६ च्या माँत्रो करारानुसार पायलट ऐच्छिकच आहे, मग ती वाट इस्तंबूल शहराच्या मधून का जात असेना. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये टोरेस सामुद्रधुनीत प्रवाळांच्या रक्षणासाठी पायलट सक्तीचा केला, तेव्हा अमेरिका आणि सिंगापूर यांनी आक्षेप घेतला होता. सिंगापूरचा आक्षेप सहज समजतो. दुसऱ्याच्या सामुद्रधुनीत घातलेला पायंडा उद्या आपल्या दाराशीही लागू होतो.

प्रश्न : मी सड्यावर राहतो आणि नववीत शिकतो. आमच्या घरातून जहाजे दिसतात. कोणत्या जहाजावर पायलट आहे हे लांबून कसे ओळखायचे? — एक विद्यार्थी वाचक, सडा

उत्तर : दुर्बीण असेल तर तिच्यातून झेंडे पाहा. अर्धा पांढरा आणि अर्धा लाल, मध्ये उभी रेघ, असा झेंडा फडकत असेल तर पायलट जहाजावर आहे. पिवळे-निळे उभे पट्टे असलेला झेंडा दिसला तर त्या जहाजाला पायलट हवा आहे. रात्री पायलटाची लाँच ओळखायची तर दोन दिवे पाहायचे : वर पांढरा, खाली लाल, दोन्ही सर्व बाजूंनी दिसणारे. ती लाँच एखाद्या मोठ्या जहाजाला अगदी चिकटून पुढे सरकताना दिसली की घड्याळ पाहून ठेव. ती बाजूला झाली म्हणजे वर कोणीतरी चढलेले आहे किंवा उतरलेले आहे.